हरलेल्यानं मागं तोंड करून बसायचं

— नाय नाय, त्या बाकावर नको. ह्या बाकावर बस, माझ्या पाठीला पाठ लावून. जिंकलेल्यानं पुढं तोंड करायचं आन् हरलेल्यानं मागं, हे तुला म्या सांगायचं व्हय? इतक्या खेपा ह्याच बग्गीत पलीकडं बसून लोकांना हात हलवत गेलास, तवा समोर पडलेल्या तोंडानं कोण बसायचं ते बघितलं नसशील — नाय, तू बघायचास, तीच तर रड हाय. ल्यूइस गावचा तो मासळीवाला तुझ्यापुढं हरला त्या साली तू चौकापातुर त्याचा हात धरून बसला व्हतास. वर लगाम धरून बसलेल्या मला लाज वाटत व्हती. आपला माणूस जिंकतो आन् समोरच्याचे डोळे पुसत बसतो, असलं कुणी बघितलंय का? बस. पांघरूण घे पायावर, नोव्हेंबरचं वारं हाय. तुला हरवणाऱ्या वॅपल्सबाई यायच्यात अजून. जिंकलेल्याला उशीर झाला तरी चालतो, हरलेल्याला कुठं काम असतंय.

म्या तर म्हणलं तू येणारच नाईस. आपल्या पक्षाचा एक माणूस आला नाय ह्या रांगेत, बघ मागं — तुझं तोंड मागंच हाय, बघ चांगलं — हाय का कुणी आपला? सगळे तिकडं पेट्रोल पंपापाशी आपापले ट्रक घेऊन हुबे हायत, भोंगे लावून. डेल हिचन्सनं सांगितलं ना, औंदा त्या दुसऱ्या पक्षाबरोबर एका बग्गीत बसायचं नाय म्हणून. आपल्या पक्षाचा जिल्ह्याचा अध्यक्ष सांगतो म्हंजे सांगतो. आजवर कुणी असं म्हणलं नव्हतं, खरं हाय. मंगळवारी मतं पडायची आन् गुरुवारी सगळ्यांनी जॉर्जटाउनात यायचं, कोर्टाच्या सज्ज्यातनं तो उंच टोपीवाला निकाल ओरडणार, शिव्या दिलेले आन् शिव्या खाल्लेले एका गाडीत बसून चौकाला फेरी मारणार, दोन्ही पक्षांचे अध्यक्ष भांडण मिटलं म्हणून कुऱ्हाडीला हात लावून ती वाळूत पुरणार, मग भाजलेला बैल पावात घालून खायचा आन् घरी जायचं. माझा आजा हेच करायचा. पर डेल म्हणतो आता दिवस तसले ऱ्हायले नायत, ती माणसं तसली ऱ्हायली नायत. आन् तू — पक्षानं लाथ घातलेला, मतदारानं लाथ घातलेला — इस्त्रीचा कोट घालून, टाय बांधून, हरलो तर हरलो पर रीत ती रीत म्हणत चालत आलास. कोण म्हणलं व्हतं तुला ये म्हणून? कुणी नाय. तरी आलास.

काय? मी कसा हाय? मी बरा हाय. तू माझं इचारू नकोस. हे बघ, हेच, हेच तुझं मला सोसत नाय. माणूस तुला शिव्या देतोय आन् तू त्याच्या गुडघ्याची चौकशी करतोस.

मला एक सांग, माणसाला मधे बसायची सवय लागते कशी? लहानपणी लागते का? आपण एका शाळेत व्हतो म्हणून इचारतो. दोन पोरं मातीत लोळून मारामारी करत असली की सगळी शाळा एकाच्या बाजूनं नायतर दुसऱ्याच्या बाजूनं ओरडायची, आन् हा हार्लन ट्रुइट दोघांची दप्तरं धरून हुबा. मोठा झाला तरी तेच. चर्चच्या जेवणाला समुद्राकडची नवी मंडळी एका टेबलावर, आपण गाववाले दुसऱ्या टेबलावर, आन् हा ताट घेऊन मधे हुबा, ह्यांच्यातला एक घास, त्यांच्यातला एक घास. आगबंबवाल्यांच्या फायरहाउसात न्याहारीला डुकराची वडी तळून देऊ का अंडी देऊ म्हणलं तर म्हणणार अर्धं हे अर्धं ते. अरं तळ्यात तर तळ्यात, मळ्यात तर मळ्यात. तुला धड तळ्यात उडी घेता आली नाय आन् धड मळ्यात बी. कोमट पाणी हाईस तू हार्लन. कोमट पाण्याला कोण इचारतंय? चहाला नको, बर्फाला नको. त्यात पाय बुडवून बसायचं म्हणलं तरी बायको म्हणते गार झालंय, टाकून दे.

सगळीकडं तुझं मला एकच पालुपद, एल्वुड, त्यांचं बी ऐकून घ्यायला पायजे. कशापायी ऐकायचं? त्यांचं ऐकायला त्यांची माणसं हायत की. आपण आपल्या माणसांचं ऐकायचं. पक्ष म्हंजे काय खानावळ हाय का, आज ह्या टेबलावर बसलो, उद्या त्या टेबलावर? पक्ष म्हंजे घर. घरात बा चुकीचं बोलला तर आपण गपगुमान जेवतो. बाहेर अंगणात जाऊन शेजाऱ्याला सांगत नाय की आमचा बा चुकला. माझा बा मरायला टेकला तवा डॉक्टर इचारतोय कुठं दुखतंय, आन् बा इचारतोय टपालानं धाडलेलं मत पोचलं का. पोचलं म्हणलं तवा डोळे मिटले. त्याला म्हणायचं पक्षाचा माणूस. पक्षाच्या जिल्हा समितीवर त्याची खुर्ची व्हती, त्याच्या मागं मला दिली, बाकी मला बानं काय ठेवलंय? कोंबड्यांची शेडं म्या बांधली, घोड्या म्या आणल्या. बाची म्हणून ती एक खुर्ची हाय. तिथं बसलो की बाच्या मांडीवर बसल्यागत वाटतं — हसू नकोस. हसलास ना? पाठीला कळतं मला.

आन् तू काय केलंस? राज्याच्या सभागृहात कोंबडीवाल्यांच्या कायद्याला त्या पक्षाच्या बाजूनं मत दिलंस. आपला सगळा पक्ष एकीकडं, कंपन्यांच्या बाजूनं — नाय, कंपन्यांच्या बाजूनं नव्हे, धंद्याच्या बाजूनं, डेल म्हणतो धंद्याच्या बाजूनं म्हणायचं — आन् तू एकटा पलीकडं. त्यांचा कायदा तुझ्या एका मतानं पास झाला. काय त्या कायद्यात इतकं सोनं लागलं व्हतं? कंपनीनं शेतकऱ्याला पाळायला पिल्लं द्यायची बंद केली तर का बंद केली ते लेखी सांगायचं, आन् कारण खोटं असलं तर परत द्यायची. एवढंच. बरं, एवढंच तर कशाला पक्ष मोडायचा? माणसानं मोठ्या गोष्टीपायी पक्ष मोडावा, लढाईपायी मोडावा. कोंबडीच्या पिल्लापायी पक्ष मोडणारा तू पहिलाच.

माझी शेडं? माझ्या शेडांचं काय मधेच? हां, व्हती रिकामी. गेल्या हिवाळ्यात. कंपनीच्या पोराला म्या तोंडावर म्हणलं व्हतं की तुमचा वजनकाटा चोर हाय, आन् त्यानंतर त्यांचा ट्रक आला नाय आमच्या फाटकात. थंडीत शेडात जाऊन नुसता हुबा ऱ्हायचो. कोंबड्यांचा वास लोकांना नकोसा वाटतो, पर वास नसलेलं शेड, ते — जाऊ दे. मग वसंतात आली पिल्लं. आमची घरवाली, आर्लीन, म्हणते कायद्यामुळं आली. बायकांना काय, जिथं तिथं जोडायची सवय. मी म्हणतो कंपनीला चूक कळली म्हणून आली. त्या कायद्यानं कंपनीला जाब इचारायचं पत्र आर्लीननंच लिहिलं व्हतं म्हणे, मला न सांगता, आन् तुझ्याच हापिसातल्या बाईनं तिला मजकूर सांगितला. मला नंतर कळलं. मी घरात दोन दिवस बोललो नाय. आन् तू कधी म्हणला नाईस मला तोंडानं, की एल्वुड, तुझ्या शेडात पिल्लं माझ्यामुळं हायत. एकदा जरी म्हणला असतास ना, तरी मला तुझं तोंड फोडायला कारण मिळालं असतं. ते बी दिलं नाईस.

डोली गं, खूर नको आपटूस, हुबी ऱ्हा. लोकांना वाट दे.

तर तुला धडा शिकवायचाच व्हता. फायरहाउसात जेवण व्हतं पक्षाचं, सप्टेंबरात, डेल हुबा ऱ्हायला आन् म्हणला, आपला उमेदवार बदलायला आता उशीर झाला, पर आपण काय मेंढरं नाय, सगळ्या नावांपुढं बटण दाबा आन् ट्रुइटच्या जागी काय दाबू नका, सोडून द्या. सगळे आपापल्या ताटात बघायला लागले. तुला खोटं वाटंल, पर बघत व्हते. त्यातली निम्मी कोंबडीवालीच व्हती. मग कुणीतरी पहिलं ओरडायला पायजे व्हतं ना? — कोण ओरडला ते तुला कुणी सांगितलं असंलच. हां, मीच. टेबलावर मूठ आपटून. बरोबर हाय म्हणलं. मग सगळे ओरडले. परत येताना गाडीत आर्लीन खिडकीतनं बाहेर बघत व्हती, आन् घराजवळ आल्यावर म्हणली, एल्वुड, तुला पिल्लांचं तोंड कसं बघवतं रे. पिल्लाला कुठं तोंड असतं, म्या म्हणलं, चोच असते. तिनं हसायला पायजे व्हतं त्याला. नाय हसली. दुसऱ्या दिवशी तुझ्या नावाची पाटी म्या अंगणातनं उपटली. संध्याकाळी पाटी परत तिथंच. म्या परत उपटली, तिनं परत लावली. शेवटी म्या म्हणलं लाव, पर रस्त्याकडं पाठ करून लाव. तर तिनं पाटी फिरवली ती नेमकी माझ्या न्याहारीच्या खिडकीकडं तोंड करून. रोज सकाळी कॉफी पिताना तुझा फोटो. हसतोय.

मंगळवारी गेलो मत द्यायला. जन्मभर जसं देतो तसं, वरपासून खालपातुर, पक्ष, पक्ष, पक्ष, बोट थांबायचं काम नाय. तुझ्यापाशी आलो. थांबलं. मागं रांग लागली व्हती आन् मी तिथं पडद्याआड बोट वर धरून हुबा. मग — सोडलं रिकामं. पक्षानं सांगितलं तसं. त्या वॅपल्सबाईला काय दिलं नाय मत, मेलो तरी देणार नाय, नुसतं रिकामं सोडलं. आता आर्लीन इचारते, रिकामं सोडून जागा कुणाला गेली? आता जागा त्यांना गेली, ते दिसतंयच की. तू एक मत त्यांना दिलंस म्हणून आम्ही तुला पाडलं, आन् तुला पाडलं म्हणून अख्खी जागा त्यांना — हे बघ, ते येगळं. ते इमानानं केलं. तू केलंस ते बेइमानी, आन् आम्ही — गणित नको सांगू मला. तू तोंड उघडलं नाईस, पर तुझ्या पाठीवरनं कळतंय तू गणित करायला लागलाईस.

बाजा सुरू झाला बघ पुढं. निघाल्या गाड्या.

आता ऐक, बाई यायच्या आत सांगतो, आन् मागं वळू नकोस. डेल काल घरी आला व्हता. म्हणला, ट्रुइट उद्या येणार, तो ऐकायचा नाय. आन् बग्गी तुझी हाय. तू हाकायची नाय. म्या म्हणलं, डेल, आमच्या घरानं ही बग्गी एकदा बी चुकवली नाय, लोक काय म्हणतील? तर म्हणला, हाकत नाय असं म्हणूच नकोस की. जा, घोड्या जुंप, हुबा ऱ्हा रांगेत, आन् पाळी आली की सांग साजाचा पट्टा तुटला. बाई दुसऱ्या कुठल्या मोटारीत बसून जाईल, ट्रुइट जाईल घरी, रीत बी मोडली नाय आन् पक्षाचा हुकूम बी मोडला नाय. आन् नाय ऐकलंस तर बाच्या खुर्चीचं बघावं लागंल म्हणला, जानेवारीत. अस्संच म्हणला, माझ्याच ओसरीवर, माझीच कॉफी पीत. डोकं बघ त्याचं. नाय बी म्हणायचं नाय आन् हो बी म्हणायचं नाय, दोन्ही दगडांवर पाय — म्हंजे — नाय. ते तुझ्यासारखं नाय. ते पक्षापायी हाय. पक्षापायी मधे हुबं ऱ्हायलं तर त्याला मधे म्हणत नायत.

त्याला काय सांगितलं? बरं म्हणलं. आन् आर्लीनला सांगितलं हाकणार. काय सांगायचं मग? दोघं बी घरातच व्हती, एक ओसरीवर, एक चुलीपाशी. आता तुझ्या पाठीला पाठ लावून इतका वेळ बसलोय, मला अजून माहीत नाय मी काय करणार. पट्टा? धड हाय पट्टा. कालच तेल लावलंय. मी जन्मात कधी खोटं बोललो नाय हार्लन, उद्धट बोललो, वाईट बोललो, कंपनीच्या पोराला चोर म्हणलो, पर खोटं नाय. आन् ह्या वयात घोडीच्या पट्ट्यावरनं खोटं बोलायचं. हे सगळं तुझ्यामुळं. तू घरी बसला असतास तर कुणालाच काय ठरवावं लागलं नसतं.

या बाई. या. ह्या पायरीवर पाय द्या — हां. पुढं तोंड करून. ती जागा तुमची. नाय, थंडी काय नाय, चालायचंच. त्याला काय झालं? काय नाय, आमचं जुनं हाय, शाळेपासनंचं. पांघरूण दे रे त्यांना अर्धं. बघ, दिलंच त्यानं सगळं. घ्या. तो असाच हाय, त्याला मत देऊ नका कधी.

पुढची गाडी गेली. आता आपली पाळी. हे बघ, आलाच डेल. तोंडावर हसू बघ कसलं, लोकांसाठी. अरे डेल, बाजूनं ये, घोडीच्या पुढनं नको — डेल. लगाम सोड. लोकांना काय सांगतोस तू? मी अजून काय बोललो नाय. माझ्या वतीनं कुणी सांगायला सांगितलं तुला, पट्टा तुटला म्हणून? हात काढ. माझ्या घोडीच्या तोंडाला माझ्या सख्ख्या भावानं कधी हात लावला नाय. तिचा जबडा बघ कसा ताणलास, मूर्ख माणसा, तिला दुखतंय. हात काढ म्हणतो. पट्ट्याला काय धाड भरलीय? धड हाय पट्टा, ऐका रे सगळे, दोन्ही पट्टे धड हायत, काल तेल लावलंय. खुर्ची? जानेवारीत कशाला, आज ने. कुऱ्हाड पुरायला जाशील तवा तिच्याबरोबर पूर. सर बाजूला, नायतर चाक पायावरनं जाईल आन् मी मागं बघणार नाय, मागं बघायला माणूस बसवलाय म्या.

चल डोली. चल पेग.

बाई, कडेला धरून बसा, चौकात वळण हाय. आन् तू — काय वळून बघतोस? सरळ बस. तुला मत दिलं नाय, पुढल्या खेपेला हुबा ऱ्हायलास तर तवा बी देणार नाय, हे बाईंच्या देखत सांगतो. चौकात उतरलास की माझा हात धरायला येऊ नकोस, मला लोकात तसलं खपत नाय. तिकडं बैल भाजलाय, पावात घालून खा आन् घरी जा. आता लोक बघतायत. हात हलव.